हेमलताबाईंचं काश्मीर

हेमलताबाई कुरुंदवाडे जन्मात कधी काश्मीरला गेल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे भेटणारी सगळी सज्जन माणसं तुम्हाला त्या गेल्या होत्या असंच सांगतील, आणि इतक्या मायेने सांगतील की तुम्हीही मान डोलवाल.

त्या अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन दिल्लीला आल्या, आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा शांताराम मूळचा मिरजेचा, एका मंत्रालयात कारकून. पुढे घासत घासत सेक्शन ऑफिसर झाला. माणूस निर्व्यसनी. विडी नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, रेल्वेच्या वेळापत्रकाचा. कुठली गाडी कुठल्या जंक्शनला किती मिनिटं थांबते, हे शांतारामपंतांना झोपेतून उठवून विचारावं.

केंद्र सरकारच्या नोकरांना चार वर्षांच्या एका ब्लॉकमध्ये एकदा आपल्या गावी आणि एकदा देशात कुठेही, कुटुंबासकट सरकारी खर्चाने जाता येतं. त्याला एलटीसी म्हणतात, आणि दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांमधल्या बायका या तीन अक्षरांवर चार चार वर्षं काढतात. त्या सगळ्यांच्या सहलींचे तक्ते शांतारामपंत आखून देत. फुलस्केप कागद, लाल-निळी शाई. पहाटे पाच चाळीसला पोचणे, स्टेशनाबाहेर डावीकडे चहा, लॉज पूर्वेकडच्या खोलीचा. लोक केरळ, राजस्थान, सिक्कीम बघून यायचे आणि कृतज्ञतेने एखादा शंख, एखादा लाकडी उंट आणून द्यायचे. कुरुंदवाड्यांची शोकेस दुसऱ्यांच्या प्रवासांनी भरून गेली.

आणि स्वतःची एलटीसी? मिरज. देशात कुठेही जायचं तीही मिरजेलाच, कारण गावी दोनदा गेलं तरी नियमात बसतं. "आई एकटी आहे," हे उत्तर ठरलेलं. भुसावळला केळी, मनमाडला चहा आणि मिरजेत उतरलं की सासूबाईंचं लोणचं, पापड, माळ्याची साफसफाई. उन्हाळ्यात उलटी गंगा. मिरजेकडचे पाहुणे दिल्ली बघायला यायचे. आग्रा-मथुरा-हरिद्वारचा तक्ता शांतारामपंतांचा, पोळ्यांचे डबे हेमलताबाईंचे. स्वतः बाई तेवढ्या पानिपतपर्यंत गेल्या होत्या. तीन वेळा, ब्लँकेटं आणायला.

बाईंनी आयुष्यात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. शेजारीण काश्मीरहून आली तेव्हा तिने बर्फाची गोष्ट सांगितली होती, की हातात घेतला तर आधी थंड लागतो आणि मग चक्क भाजतो. हेमलताबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं, "अहो, मला एकदा काश्मीर बघायचंय. दुसरं काही नको."

"पुढच्या ब्लॉकला बघू," शांतारामपंत म्हणाले.

असे ब्लॉक येत गेले आणि जात गेले. मधे काश्मीर पेटलं. तिथे माणसं मरत होती आणि इथे शांतारामपंतांना न जाण्याचं भक्कम कारण मिळालं. खरी गोष्ट अशी होती की या माणसाला प्रवासाची भीती वाटायची. जग त्याला वेळापत्रकात आवडायचं, खिडकीबाहेर नाही. पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच.

दोन हजार दोनमध्ये द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट मिळाला. नवे सेक्टर, लिफ्ट, इंटरकॉम. मुलगा यतीन गुडगावच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला, रुचिताशी लग्न करून तिकडेच राहू लागला. त्याने वडिलांना कॉम्प्युटर घेऊन दिला, इंटरनेट लावून दिलं, आणि फुलस्केप कागदाचे दिवस संपले. आता शांतारामपंत 'दिल्लीकर मराठी भटके' नावाच्या इंटरनेटवरच्या गटात सल्ले द्यायला लागले. चारशे माणसं. सोसायटीतली, नोएडाची, फरिदाबादची, मुखर्जीनगरात परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं. "काका, मनाली की शिमला?" "काका, लहान मूल आहे, लेहला नेऊ का?" काका घरात बनियनवर बसून साऱ्या हिमालयाला रस्ता दाखवत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण जेवणारे चारशे.

एक दिवस नोएडाच्या एका मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कुठे कुठे फिरलात? फोटो टाका ना."

शांतारामपंत दोन दिवस नीट जेवले नाहीत.

यतीनने त्यांना फोटो दुरुस्त करायचा एक प्रोग्रॅम शिकवला होता, लग्नाच्या जुन्या फोटोवरचे डाग काढायला. डाग काढता काढता त्यांच्या लक्षात आलं की माणसंही काढता येतात. बंगलोरला बदलून गेलेल्या एका सहकाऱ्याने पहलगामचे फोटो त्यांना दिले होते. नदीकाठी तो आणि त्याची बायको, निळ्या स्वेटरमध्ये. शांतारामपंतांनी दोघांची डोकी उडवली. आपलं डोकं लगेच मिळालं. हेमलताबाईंचा हसरा चेहरा शोधायला मात्र तीन दिवस गेले. शेवटी पुतण्याच्या लग्नातला एक सापडला. त्यातली नथ पुसून टाकली आणि खाली लिहिलं, 'सौ.सोबत पहलगाम, मे महिना'.

त्या मे महिन्यात कुरुंदवाडे पतिपत्नी तीन आठवडे द्वारकेत नव्हती, हे सोसायटीला माहीत होतंच. ती मिरजेत होती. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि हेमलताबाई तीन आठवडे त्यांचं बेडपॅन काढत होत्या. त्याच तीन आठवड्यांचं काश्मीर झालं.

लिफ्टमध्ये बायका म्हणायला लागल्या, "काकू, काय दिसताय हो स्वेटरमध्ये! छुपे रुस्तम निकले." हेमलताबाईंना काही कळेना. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने फोटो दाखवला.

"अहो, ही मी नाही."

"चेहरा तुझाच आहे की."

"आणि हे घड्याळ? मी हातात घड्याळ बांधलंय का कधी?"

"इतकं कोण बघतंय? कुणी विचारलं तर हो म्हण. कुणाचं काही चोरलंय का आपण?"

हेमलताबाई गप्प बसल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याच्या अब्रूवर पांघरूण घालायचं, ही त्यांची जन्माची सवय. हेच चुकलं. असलं पांघरूण पुढे कधी ओढायला गेलं की उघडी पडते ती बायकोच.

दोन हजार अकरा साल उजाडलं. डिसेंबरात शांतारामपंत रिटायर होणार होते, म्हणजे ही शेवटची एलटीसी. त्यातून सरकारने काश्मीरला विमानाने जायची सवलत दिलेली. तिसऱ्या मजल्यावरची वैजयंती स्वतः सरकारी नोकर आणि उत्साहाला तोटा नाही. तिने सोसायटीतल्या मराठी मंडळींचा सोळा जणांचा गट जमवला. गणपती झाले की सप्टेंबरात निघायचं, श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम. तक्ता अर्थातच काकांचा.

हेमलताबाईंचे गुडघे तोवर गेले होते. डॉक्टर म्हणाले होते की वर्षभरात ऑपरेशनचं बघावं लागेल. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी कुणाला न सांगता सेक्टर बाराच्या मार्केटमधून चालायचे बूट आणले. लिफ्ट सोडून रोज दोनदा चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढायला लागल्या. कठड्याला धरून, दात आवळून, बहात्तर पायऱ्या. वय वर्षं सत्तावन्न आणि पोरीसारखा हरखलेला चेहरा.

महिन्याभराने त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आपली नावं दिलीत ना वैजयंतीकडे?"

"आपण कशाला? आपण जाऊन आलोय."

"कुठे जाऊन आलोय?"

शांतारामपंतांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ हेम, तिथे गेल्यावर लोक विचारणार, काका, तुम्ही कुठे उतरला होता? कुठला घोडेवाला केला होता? विमानात कसं बसायचं तेही मला ठाऊक नाही, हे चारचौघांत दिसणार. चाळीस वर्षांची इज्जत घालवू का?"

"मग मी एकटी जाते त्यांच्याबरोबर. वैजयंती म्हणत होती, घरचे वेगळे गेले तरी चालतं. फॉर्मवर फक्त तुमची सही लागते."

"आणि तू तिथे जाऊन पहिल्यांदाच बर्फ बघितल्यासारखी नाचणार! नाही. विषय संपला."

विषय संपला नव्हता. रुचिताने सासूला इंटरनेटवर खातं उघडून दिलं होतं, नात अक्षताचे शाळेतले फोटो बघायला. एका दुपारी, शांतारामपंत ऑफिसात असताना, हेमलताबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. रोमन अक्षरांत मराठी, एका बोटाने. पाऊण तास लागला. पहलगामच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं: 'हा फोटो खोटा आहे. मी काश्मीरला कधी गेले नाही. हातातलं घड्याळ माझं नाही. मला जायचं आहे.'

बाईंना वाटलं, खरं एकदा बाहेर पडलं की वाट मोकळी होईल. नवऱ्याची फजिती होईल, चार दिवस बोलणार नाही, पण मग सही करेल. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना! गोटा आला खरा, पण कपाळ चुकलं.

शांतारामपंतांनी ऑफिसमधून आल्यावर ते वाचलं. ओरडले नाहीत. चहा घेतला, आणि उत्तर लिहिलं: 'मित्रहो, क्षमस्व. सौ.ला गेले काही महिने विस्मरणाचा त्रास आहे. जवळच्या गोष्टीही आठवत नाहीत. आम्ही सांगत नव्हतो. कृपया समजून घ्यावे.'

जेवणं व्हायच्या आत साठ जणांनी हळहळ व्यक्त केली. 'काका, खंबीर राहा.' 'माझ्या आजीलाही असंच झालं होतं, आधी घड्याळच विसरली.' 'काका, तुम्ही ग्रेट आहात.' नोएडाच्या त्या मुलीने लिहिलं की तिला रडू आलं. जो माणूस खोटा ठरायचा तो देवमाणूस ठरला, आणि खरं बोलणारीला सगळ्यांनी मिळून वेडं ठरवलं, तेही डोळे पुसत पुसत.

दुसऱ्या दिवशी वैजयंती शिरा घेऊन आली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलायला लागली. "काकू, मी, वैजयंती. तिसरा मजला. ओळखलंत?"

"अगं, मी बहिरी नाही आणि वेडीही नाही. तो फोटो खोटा आहे. हे घड्याळ बघ."

"हो हो काकू, बिल्कुल," वैजयंतीने त्यांचा हात थोपटला, आणि जाताना काकांना हलक्या आवाजात सांगितलं, "भांडू नका त्यांच्याशी. असंच होतं यात."

बाई खाली भाजी आणायला उतरल्या तर गेटवरच्या गार्डने इंटरकॉम लावला. "अंकल जी, आंटी जी अकेली जा रही हैं, जाने दूँ?" बाईंनी रागाने पिशवी आपटली, तर तीही बातमी झाली. चिडचिड वाढली आहे. शांतारामपंतांनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जायला सुरुवात केली आणि तसं गटात लिहिलं. खरं सांगायचं तर त्यांना आता यात रस यायला लागला होता. प्रवासाच्या सल्ल्यांना कधी इतके प्रतिसाद मिळाले नव्हते. त्यांनी नवा अल्बम काढला, 'हेमसोबतचे दिवस'. बाई चष्मा शोधतायत, फोटो. बाई खिडकीशी बसल्यात, फोटो. चष्मा तुम्ही-आम्ही सगळेच शोधतो हो, पण आपल्याला कुणी फोटोत पकडत नाही.

काश्मीरचं तर नावच नको. अशा अवस्थेत प्रवास? छे! वैजयंतीनेच पहिल्यांदा मान हलवली.

हेही बाईंनी गिळलं असतं. तीस-पस्तीस वर्षं तेच करत आल्या होत्या. पण पाच वर्षांची अक्षता रोज शाळा सुटल्यावर आजीकडे असायची, ती यायची बंद झाली. रुचिताने तिला गुडगावच्या पाळणाघरात घातलं. "आई, गैरसमज नको," रुचिता फोनवर म्हणाली. तिचा आवाज खरोखरच भरून आला होता. "पण गॅस, लिफ्ट, रस्ता... मला ऑफिसात टेन्शन येतं. तुम्ही बऱ्या झालात की लगेच पाठवते."

रुचिताला काही माहीत नव्हतं. यतीनला सगळं माहीत होतं. आजीचं हाड मोडलं तेव्हा निजामुद्दीनला आईवडिलांना गाडीत बसवून देणारा तोच, आणि बापाला तो प्रोग्रॅम शिकवणारा तोच. एका रविवारी तो एकटा आला, आईशेजारी बसला.

"यतीन, तू तरी रुचिताला सांग रे. तुला माहीत आहे ना खरं काय ते?"

"माहीत आहे गं. म्हणूनच तर सांगतोय, सोड ना यार आता. बाबांच्या रिटायरमेंटला पाच महिने राहिलेत. आत्ता मी तोंड उघडलं तर ते कुठे तोंड दाखवणार? आजारी बायकोचं नाटक केलं म्हणतील. तू फक्त एकदा चारचौघांत म्हण, आठवलं, गेले होते. रुचिता दुसऱ्या दिवशी अक्षताला पाठवेल. माझी गॅरंटी."

"म्हणजे मी खोटं बोलले की शहाणी?"

यतीनने मोबाइलकडे पाहिलं. "आई, मला गुडगावला जायचंय, ट्रॅफिक लागेल."

दीड महिना बाईंनी दम धरला. अक्षता फोनवर यायची, पण पहिल्यासारखी बडबड नाही, कुणीतरी पढवल्यासारखं विचारायची, "आजी, मैं कौन हूँ, बताओ?" पाच वर्षांच्या पोरीनेही परीक्षा घ्यायला सुरुवात केली तेव्हा हेमलताबाई फोन ठेवून देवघरासमोर बसल्या आणि आपल्यालाच मोठ्याने सांगितलं, "मी मिरजेला होते. मिरजेला होते." ते शांतारामपंतांनी दारातून ऐकलं. तेही गटात गेलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये गणपती बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला सगळी जमली. यतीन, रुचिता, रुचिताचं बोट धरून अक्षता. सहलीला दहा दिवस उरले होते, त्यामुळे स्वेटर, मोजे, घोड्यांचे दर याच गप्पा. आरती झाली, खिरापत वाटली, आणि वैजयंती आपला लॅपटॉप घेऊन हेमलताबाईंच्या खुर्चीजवळ आली. कुठेतरी वाचून आली होती की जुने फोटो दाखवले की आठवण परत येते. बोळवण करायला आलेली नव्हती ती, जीव लावायला आली होती.

"काकू, हे बघा बरं. हे कुठलं?"

पन्नास माणसं बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. शांतारामपंतांच्या हातात कॅमेरा तयार होता. यतीन जमिनीकडे बघत होता. अक्षताने आजीला हात केला, आणि रुचिताने तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला.

हेमलताबाईंनी फोटोकडे पाहिलं. निळा स्वेटर, घड्याळ, आपला नथ पुसलेला चेहरा.

"पहलगाम," त्या म्हणाल्या.

"शाब्बास काकू! आणखी काही आठवतंय?"

आठवायला काय? तीस वर्षं या बाईने भिंतीपलीकडून लोकांना काश्मीर समजावून सांगणारा नवरा ऐकला होता. त्या बोलायला लागल्या. लिद्दर नदी कशी दुधासारखी फेसाळत खाली येते. बसस्टँडवर पहिल्या घोडेवाल्याशी ठरवायचं नाही, चार पावलं पुढे जायचं. केशर घातलेला कहवा, वर बदामाचे काप. पहाटे खिडकीच्या काचेवर साचलेलं धुकं. आणि बर्फ हातात घेतला की आधी थंड लागतो, मग भाजतो. एकही शब्द अडला नाही. जे खरंच जाऊन आले होते त्यांनाही इतकं सांगता आलं नसतं.

"आणि घड्याळ, काकू?" वैजयंतीने हळूच विचारलं.

"माझंच. मधे विसरले होते."

टाळ्या पडल्या. कुणीतरी 'गणपती बाप्पा मोरया' म्हणून ओरडलं. शांतारामपंतांचे डोळे पाणावले, आणि सांगायला लाज वाटते, ते पाणी खरं होतं. त्यांनी फोटो काढला. रुचिताने अक्षताचा हात सोडला. पोरगी धावत येऊन आजीच्या मांडीत शिरली. बाईंनी तिला असं कवटाळलं की खिरापतीची वाटी खाली सांडली.

"काकू, तुम्ही माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरवलंत," वैजयंती त्यांच्या पायाशी बसली. "खरं सांगू? तुम्ही त्या दिवशी लिहिलं होतंत ना, मला जायचंय म्हणून, ते माझ्या मनातून जाईना. वाटलं, समजा काकू खरंच गेल्या नसल्या तर? म्हणून मी तुमच्या नावाची एक सीट अजून तशीच ठेवलीय. काकांना म्हटलं नाही, पण सही वगैरे मी मागे लागून घेतली असती. उद्या सकाळपर्यंत नाव द्यायचंय. पण आता तुमचं तर सगळं बघून झालंय. पहिल्या मजल्यावरच्या अहिल्याची आई आलीय, तिने बिचारीने जन्मात काही पाहिलं नाही. तिला देऊ का ती सीट?"

अक्षता मांडीवर बसून आजीच्या बांगड्या मोजत होती. रुचिता दोन पावलांवर उभी राहून हसत होती, ऐकत होती.

"दे," हेमलताबाई म्हणाल्या. "बघून येऊ दे तिला. फार सुंदर आहे."